अंतराळातल्या सीटचं टोकन मागणाऱ्यांपासून सावध राहा

मागच्या आठवड्यात माझ्या भाचीने डोंबिवलीहून एक मेसेज पुढे पाठवला. 'सर्वसामान्यांसाठी अंतराळ प्रवास. मराठी कुटुंबांसाठी राखीव सीट्स. टोकन फक्त २५,०००.' कंपनीचं नाव नवीन आहे. पण मजकूर तोच, फोटो तेच, आणि माणसं आणली की वेटिंग लिस्टमध्ये वर सरकण्याची योजनाही तीच, जिच्यात आमचे दोन लाख त्र्याण्णव हजार रुपये गेले. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचे हे बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत सोयुझ यानातून अंतराळात गेले, तेव्हा लालबागच्या चाळीत ज्या एका घरी टीव्ही होता त्यांच्या दारात उभं राहून यांनी ते पाहिलं होतं. आवड तेव्हापासूनची. पुढे मुलांना वरळीच्या नेहरू तारांगणात घेऊन जायचे, तेव्हा मुलांपेक्षा यांचेच प्रश्न जास्त असायचे. हे मुद्दाम सांगते, कारण लोक लगेच म्हणतात की हाव सुटली असेल. हाव नव्हती. इंजिन कळणारा माणूस आहे हा, आणि ही जाळी अशाच माणसांसाठी विणलेली असते.

अंधेरीच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार होता. सूटबूट घातलेली, स्वच्छ मराठी बोलणारी तरुण मुलं. काका, काकू, पाणी घेणार का, असं अदबीने विचारणारी. पडद्यावर जे दाखवलं त्यातलं बहुतेक सगळं खरं होतं, आणि मला वाचणाऱ्यांच्या मनावर हेच ठसवायचं आहे. २००१ मध्ये डेनिस टिटो स्वतःच्या खिशातून सुमारे २ कोटी डॉलर भरून अंतराळ स्थानकावर जाऊन आला, हे खरं. जुलै २०२१ मध्ये वॉली फंक नावाच्या बाई ८२ व्या वर्षी ब्ल्यू ओरिजिन या अमेरिकन कंपनीच्या यानातून अंतराळात जाऊन आल्या, हे खरं. ऑगस्ट २०२३ मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिक या दुसऱ्या कंपनीच्या यानातून अँटिग्वाची एक आई आणि तिची कॉलेजात शिकणारी मुलगी गेली, आणि त्यांच्या सीट्स सोडतीत लागल्या होत्या, हेही खरं. मे २०२४ मध्ये गोपी थोटाकुरा हा आंध्रात जन्मलेला वैमानिक पर्यटक म्हणून जाऊन आला, तेही खरं. एवढ्या खऱ्या गोष्टी पाठोपाठ ऐकल्यावर शेवटची खोटी गोष्ट वेगळी दिसत नाही. ती अशी, की या कंपनीच्या हातात विकायला सीट्स आहेत.

दर सांगितला बारा लाख, तोही हप्त्याने. बाकीचा खर्च म्हणे परदेशी प्रायोजक उचलणार, कारण त्यांना 'सामान्य भारतीय चेहरे' हवेत. यांनी उठून विचारलं, की दर इतका कमी कसा? उत्तर तयार होतं. 'काका, विमानाचं तिकीट एके काळी फक्त राजेमहाराजांना परवडायचं. आज आपण गोव्याला विमानाने जातोच ना?' हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

त्याच वेळी पडद्यावर जे नव्हतं ते असं. व्हर्जिन गॅलॅक्टिकचं तिकीट २०२१ पासून ४,५०,००० डॉलर झालं होतं, म्हणजे साडेतीन कोटी रुपयांच्या वर. सुरुवातीला ते २,००,००० डॉलर होतं. म्हणजे वीस वर्षांत दर उतरला नाही, चढला. ब्ल्यू ओरिजिन तर दर जाहीरच करत नाही. आणि त्या आई-मुलीच्या शेजारच्या सीटवर जे ब्रिटिश गृहस्थ बसले होते, जॉन गुडविन, त्यांनी तिकीट २००५ मध्ये घेतलं होतं. अठरा वर्षं वाट पाहिली, आणि गेले तेव्हा ऐंशीचे होते. एवढं सगळं करून वजनहीन अवस्था मिळते ती काही मिनिटांची. जून २०२४ मध्ये ते यानही निवृत्त झालं.

टोकनचे २५,००० भरले. मग एका खासगी केंद्रात 'फिटनेस टेस्ट', १८,०००. तिथे रक्तदाब, ईसीजी आणि एक गोल फिरणारी खुर्ची. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये यांचा वेटिंग नंबर दिसायचा. दोन ओळखीची माणसं आणली की नंबर वर. यांनी कोणालाही आणलं नाही, तरी नंबर आपोआप वर सरकत राहिला. मग २५ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेतून अंतराळ स्थानकाकडे निघाले. सगळा देश आनंदात होता. त्याच संध्याकाळी फोन आला, 'काका, आता आपलाच नंबर. सीट कन्फर्मेशनचे अडीच लाख या आठवड्यात भरले नाहीत, तर सीट पुढच्याला जाईल.' शुक्लांची सीट सरकारने पैसे देऊन घेतली होती, ते वायुदलातले वैमानिक, आणि त्या मोहिमेशी या लोकांचा काडीचा संबंध नव्हता. पण त्या दिवशी यांचे डोळे भरून आले होते. ग्रॅज्युइटीच्या एफडीतून पैसे गेले.

ऑगस्टमध्ये अ‍ॅप उघडायचं बंद झालं. अंधेरीच्या ऑफिसच्या जागी दुसऱ्याच कोणाची पाटी होती.

पावती मी नंतर नीट पाहिली. जाड, चकचकीत कागद, वर रॉकेटचं चित्र, आणि रकमेसमोर बारीक टायपात 'अंतराळ प्रवास मार्गदर्शन सेवा शुल्क, ना-परतावा'. बोलताना प्रत्येक वेळी 'रिफंडेबल टोकन' म्हणायचे. कागदावर सीटचा, उड्डाणाचा, तारखेचा उल्लेख नाही. सेमिनार झाला, टेस्ट झाली, म्हणजे सेवा दिली, असं म्हणायला ते मोकळे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव यायचं ते भलत्याच ट्रॅव्हल एजन्सीचं. 'आमची पेमेंट पार्टनर' असं सांगितलं होतं.

खरा व्यवहार कसा असतो, ते आता माहीत झालंय. अमेरिकेत प्रवाशाला उड्डाणाआधी लेखी सांगावं लागतं, की हे यान माणसं नेण्यासाठी सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र सरकारने दिलेलं नाही, आणि त्यावर त्याची सही घ्यावी लागते. जिथे धोक्याचा शब्दही निघत नाही आणि सगळं गोड गोड सांगतात, तिथून उठून या. दुसरं म्हणजे परदेशी कंपनीला पैसे जायचे तर ते बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने, पॅन देऊन जातात, आणि एका माणसाला वर्षाला २,५०,००० डॉलरचीच मुभा आहे. साडेचार लाख डॉलरचं तिकीट इथला माणूस रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानगीशिवाय एका आर्थिक वर्षात स्वतःच्या नावावर पूर्ण भरूच शकत नाही. मग गल्लीतल्या क्यूआर कोडवर सीट कुठून मिळणार? आपल्याकडे खासगी अंतराळ कामांना परवानगी देणारी संस्था इन-स्पेस आहे. प्रवासी नेणारी एकही खासगी भारतीय कंपनी आज नाही. गगनयान इस्रोचं आहे आणि त्याच्या सीट्स विकायला नाहीत.

प्रामाणिक कंपनीकडेही आगाऊ पैसे सुरक्षित असतात असं नाही. एक्सकोर नावाची अमेरिकन कंपनी खरोखर यान बांधत होती, लिंक्स नावाचं. तिकिटं विकली, २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली, यान एकदाही उडालं नाही आणि पैसे भरणारे अडकले. जपानी अब्जाधीश माएझावांनी चंद्राभोवतीच्या फेरीसाठी निवडलेल्यांत आपला टीव्ही अभिनेता देव जोशीही होता. ती मोहीम जून २०२४ मध्ये रद्द झाली. त्या निवडलेल्यांकडून निदान पैसे घेतले नव्हते.

आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. तिथे कळलं, की पहिल्या काही तासांत कळवलं तर समोरचं खातं गोठवता येतं. आमचे पैसे केव्हाच पुढे गेले होते. मग पोलीस ठाणे. ओळखीच्या वकीलबाईंनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात, पैशाच्या बदल्यात पुढे ठरावीक सेवा देण्याचं कबूल केलं असेल, तर तीही ठेव धरली जाते. पावतीवर 'मार्गदर्शन' छापण्यामागे या कायद्यातून निसटण्याची पळवाट आहे, आणि म्हणूनच त्यांचे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग आणि अ‍ॅपचे स्क्रीनशॉट जपून ठेवणं पावतीइतकंच गरजेचं आहे. ग्राहक आयोगातली तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत. आमची तिथेही टाकलेली आहे.

आता गेल्या महिन्यापासून नवीन फोन यायला लागलेत. 'तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, मूळ पावती पाठवा आणि जीएसटीचे अठरा टक्के आधी भरा.' आमची अचूक रक्कम त्यांना माहीत आहे, म्हणजे यादी आतूनच गेलेली आहे. अंधेरीच्या त्या हॉलमध्ये जे जे होते, त्यांनी मूळ पावती कोणाच्याही हातात देऊ नका, एक रुपयाही भरू नका, आणि तो नंबर सरळ पोलिसांना द्या.