स्टॅबिलायझर घ्यावा की सर्ज प्रोटेक्टर?

कळव्याच्या मावसभावाने नवा टीव्ही आणि फ्रिज घेतला. संध्याकाळी त्यांच्याकडे व्होल्टेज पडतं, पावसाळ्यात लाइट सारखी जाते-येते. दोन्हींपैकी काय घेऊ, असं तो विचारतो.

स्टॅबिलायझर कमी-जास्त व्होल्टेज 230 च्या आसपास आणतो, पण त्यातल्या रिलेला, म्हणजे व्होल्टेज बदलणाऱ्या स्विचला, थोडा वेळ लागतो. वीज कडाडल्यावर येणारा क्षणार्धाचा झटका त्याआधीच आत शिरलेला असतो. तो झटका सर्ज प्रोटेक्टर अडवतो, मात्र 160 व्होल्टचे 230 करणं त्याला जमत नाही.

आता टीव्हीच्या मागचं लेबल वाच. बहुतेकांवर ‘100-240 व्होल्ट’ असतं, म्हणजे कमी व्होल्टेज तो निमूट सोसतो. फ्रिजच्या साध्या कंप्रेसरचं तसं नाही. कमी व्होल्टेजवर तो जास्त करंट ओढतो, तापतो, शेवटी जळतो.

खर्चात सर्ज प्रोटेक्टर स्वस्त, पण त्यातला एमओव्ही, म्हणजे झटका शोषणारा भाग, प्रत्येक झटक्यागणिक झिजतो. प्रोटेक्टरवरचा दिवा विझला की तो बदलायचा. खोक्यावर ज्यूलचा आकडा (किती झटका झेलेल तो) नसेल तर ते नुसतं एक्स्टेन्शन बोर्ड समज. आणि झटका जमिनीत जायला अर्थिंग लागतं, ते तपासून घे, जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकाला बऱ्याचदा वायरच नसते! स्टॅबिलायझर वर्षानुवर्षं टिकतो, फक्त जागा अडवतो आणि टकटक करतो.

टीव्ही, राउटर, कॉम्प्युटरला सर्ज प्रोटेक्टर. साध्या फ्रिजला हाय-कट (व्होल्टेज फार वाढलं की पुरवठा तोडणारा) आणि टाइम डिले (लाइट आल्यावर थोडं थांबून चालू करणारा) असलेला स्टॅबिलायझर. इन्व्हर्टर फ्रिज (कंप्रेसरचा वेग गरजेनुसार बदलणारा) असेल तर आधी मॅन्युअलमधली व्होल्टेजची मर्यादा बघ, कदाचित काहीच लागणार नाही.