तीन पत्रं आणि एक एमडी: पुण्यात ओपीडी निवडावी की संशोधन?

भाचीचं एमडी मेडिसिन झालं, सक्तीच्या सरकारी सेवेचं बाँडचं वर्षही सरलं. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ती घरी आली आणि नोकरीची तीन पत्रं जेवणाच्या टेबलावर मांडून म्हणाली, "मावशी, यातलं कुठलं घेऊ ते तू सांग."

पहिलं पत्र एका मोठ्या खासगी रुग्णालयाचं. सकाळ-संध्याकाळ ओपीडी, वॉर्डचे राउंड, आठवड्यातून दोन दिवस आयसीयू. दुसरं एका संशोधन प्रकल्पाचं. तीन वर्षांचा करार, अभ्यासात सामील झालेल्या लोकांची तपासणी आणि पाठपुरावा. तिसरं एका ट्रस्टच्या रुग्णालयाचं, त्यात "रुग्णसेवा आणि संशोधन, दोन्हीला वाव" असं एक वाक्य.

मी पहिली नऊ वर्षं निव्वळ प्रॅक्टिस केली, नंतर पाच वर्षं एका प्रकल्पात होते, आता दोन्ही करते. पगार, रजा, घरापासूनचं अंतर हे तिने आधीच वहीत लिहून आणलं होतं. ते बाजूला ठेवायला सांगून मी तिला आधी एक प्रसंग सांगितला.

मधुमेहाच्या एका औषधाची चाचणी सुरू होती. भोसरीच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या बाई माझ्याच ओपीडीच्या पेशंट, वय पंचेचाळीसच्या आसपास. अभ्यासाच्या सगळ्या निकषांत बसत होत्या. मराठी माहितीपत्रक अकरा पानांचं. त्यांनी दोन पानं बोट ठेवून वाचली आणि पत्रक मिटून म्हणाल्या, "सही कुठं करू? तुम्ही देताय म्हणजे चांगलंच असणार."

मी म्हटलं, "ताई, थांबा. दोन औषधांपैकी तुम्हाला कुठलं मिळणार ते मी ठरवत नाही, कॉम्प्युटर ठरवतो. आणि त्यातलं कुठलं चांगलं ते मलाही माहीत नाही. माहीत असतं तर हा अभ्यास केलाच नसता."

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "घरी विचारून येते." आठवड्याने आल्या, सही केली नाही. पण साखरेची आणि बीपीची औषधं आजही माझ्याकडूनच घेतात.

त्या दिवशी माझ्या खुर्चीत दोन डॉक्टर बसल्या होत्या. एकीला त्या बाईंची साखर लवकरात लवकर आटोक्यात आणायची होती, त्यासाठी गोळी बदलायची, डोस वाढवायचा, जे योग्य वाटेल ते करायची तिला मोकळीक होती. दुसरीला प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, लिहिलंय त्याच क्रमाने चालायचं होतं, कारण त्यातून मिळणारं उत्तर पुढे हजारो लोकांना लागणार होतं. पेशंट मात्र एकच, आणि तिचा विश्वास पहिल्या डॉक्टरवर होता. हा विश्वास नकळत दुसरीच्या कामासाठी वापरला जाऊ नये, याची काळजी रोज घ्यावी लागते. तीन पत्रांची तुलना करताना मी हेच पाहिलं: कुठल्या जागी ही काळजी घ्यायला वेळ मिळेल?

प्रॅक्टिस आणि संशोधन एकमेकांशिवाय किती लंगडी आहेत, हे 2020 मध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं. कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी रक्तगटासकट निरोप रात्रंदिवस फिरत होते. मीही एका मुलाला वडिलांसाठी "मिळाला तर आणा" म्हटलं होतं. तो रात्रभर पिंपरीपासून हडपसरपर्यंत फिरला. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर प्लाझ्माची रीतसर चाचणी घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मध्यम स्वरूपाच्या कोविडमध्ये प्लाझ्मामुळे आजार बळावायचा थांबत नाही आणि मृत्यूही कमी होत नाहीत. तरीही दुसऱ्या लाटेत लोक तो शोधतच होते. मे 2021 मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून तो वगळला गेला. उलट डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ते सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं, हे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने जून 2020 मध्येच दाखवलं होतं. त्या मुलाला मी पाठवलं ते काहीतरी करायला हवं या भावनेने. तो चेहरा अजून आठवतो.

पहिलं पत्र: पूर्णवेळ रुग्णसेवा

पुस्तकातला न्यूमोनिया आणि वॉर्डातला न्यूमोनिया यांत काय अंतर असतं, ते रेसिडेन्सीत, म्हणजे एमडी करताना वॉर्डात राबण्याच्या काळात, कळायला लागतं आणि नंतरच्या तीन-चार वर्षांत अंगात मुरतं. रेसिडेन्सीत डोक्यावर सर असतात. इथे पहाटे तीनला नातेवाईक तुमच्याकडे बघतात. कुणाला दाखल करायचं, कुणाला घरी पाठवायचं, वाईट बातमी कुठल्या शब्दांत सांगायची, हे दुसरीकडे कुठे शिकता येत नाही. पुढे संशोधन करायचं असेल तरी हा पाया लागतो, कारण चांगला प्रश्न पेशंटकडूनच येतो.

तोटाही इथलाच. प्रश्न पडतात, पण लिहून ठेवायला वेळ नसतो. एका ओपीडीत चाळीस केसपेपर संपवताना "गेल्या महिन्यात असेच तिघे आले होते" असं मनात येतं आणि पुढचा पेशंट दार ढकलतो.

पण प्रॅक्टिस घेतली म्हणजे संशोधनाचं दार बंद झालं, असं मानू नका. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं उदाहरण आपल्याच राज्यातलं. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं दगावायची. बावस्करांनी पेशंटच्या खाटेशी बसून नोंदी केल्या, हृदयावर नेमकं काय होतं ते टिपलं आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन देऊन पाहिलं. 1986 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे 2011 मध्ये विंचवाच्या प्रतिविषासोबत त्याची रीतसर चाचणीही त्यांनी केली. हाताशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. नोंदींची शिस्त होती.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुढाकार घेतलेला एक अभ्यासही मला फार महत्त्वाचा वाटतो. 1 फेब्रुवारी 2011 या एकाच दिवशी देशातल्या 880 शहरा-गावांतल्या सुमारे 7,400 डॉक्टरांनी आपापल्या दवाखान्यात आलेल्या पेशंटची तक्रार आणि निदान लिहून दिलं. 2,04,912 पेशंट. त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना श्वसनाशी संबंधित तक्रारी होत्या. हे आकडे दिले ते गल्लीतल्या दवाखान्यांनी.

दुसरं पत्र: पूर्णवेळ संशोधन

या बाबतीत पुणं भाग्यवान आहे. 1952 मध्ये सुरू झालेली विषाणू संशोधन संस्था, म्हणजे आजची एनआयव्ही, इथलीच. भोसरीला 1992 मध्ये एड्स संशोधन संस्था सुरू झाली. शिरूर तालुक्यातल्या वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम आहे, तिथे घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर नोंदलं जातं. ससून रुग्णालय आणि बीजे मेडिकल कॉलेजच्या आवारातही एचआयव्ही आणि क्षयरोगावरचे आंतरराष्ट्रीय अभ्यास झाले आहेत.

अशा ठिकाणी डॉक्टर करतो काय? लोकांना वाटतं, सूक्ष्मदर्शकात बघतो. प्रत्यक्षात बहुतेक दिवस माणसांसोबतच जातो: कोण अभ्यासात बसतं ते तपासणं, संमती घेणं, ठरलेल्या तारखांना भेटी, रक्ताचे नमुने, औषध घेतल्यावर काय त्रास झाला त्याची नोंद. संमती देणाऱ्याला वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार शेजारी बसवायचा. नोंद चुकली तर व्हाइटनर लावायचा नाही, वर गिरवायचंही नाही. चुकीवर एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. सहभागी व्यक्तीला काही गंभीर झालं, ती दाखल झाली, तर कळल्यापासून 24 तासांत कळवायचं, मग दिवाळी असो. सुरुवातीला हे कारकुनी वाटतं. वर्षभराने लक्षात येतं की आपण देत असलेल्या प्रत्येक औषधामागे अशाच हजारो रेघा आणि सह्या आहेत.

फळ कधीकधी फार मोठं मिळतं. नऊ देशांतल्या 1,763 जोडप्यांवर एक अभ्यास झाला, जोडीदारांपैकी एकालाच एचआयव्हीची लागण असलेल्या. उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, हे त्यातून 2011 मध्ये कळलं. त्या अभ्यासाचं एक केंद्र पुण्यात होतं.

पण एमडी झाल्या झाल्या थेट इथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच वर्षं एकाच आजाराचे, एकाच वयोगटाचे, निकषांत बसणारे पेशंट पाहून माझा हात आखडला होता. परत वॉर्डात गेले तेव्हा रक्तातल्या सोडियमच्या साध्या गडबडीत मला दोनदा पुस्तक उघडावं लागलं. दुसरं म्हणजे करार. प्रकल्प संपला की पद संपतं. घरभाडं, हप्ते यांचा विचार करून मगच सही करा.

कंपन्यांच्या चाचण्यांविषयी थोडक्यात. खासगी रुग्णालयांत बहुतेक संशोधन हेच असतं. प्रश्न कंपनीचा, प्रोटोकॉल कंपनीचा, आपण ते प्रामाणिकपणे राबवायचं. चांगलं शिकायला मिळतं आणि नवी औषधं अशीच येतात. पण रुग्णालयाला प्रत्येक सहभागी पेशंटमागे पैसे मिळतात, त्यामुळे "अजून किती भरती झाली?" हा प्रश्न सतत कानावर येतो. अशा वेळी एथिक्स कमिटी, म्हणजे सहभागी लोकांचं हित पाहून अभ्यासाला परवानगी देणारी समिती, भक्कम हवी. 2019 च्या नियमांनुसार तिच्यात किमान सात सदस्य लागतात, निम्मे बाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. ती खरोखर प्रश्न विचारते की नुसत्या सह्या करते, हे अभ्यासाचं रोजचं काम सांभाळणाऱ्या जुन्या कोऑर्डिनेटरला विचारा. त्याला सगळं माहीत असतं.

तिसरं पत्र: दोन्ही

हे पत्र भाचीला सगळ्यात आवडलं होतं आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

दोन्ही भूमिका एका माणसात नीट नांदल्या तर काय होतं, याचं उदाहरण रास्ता पेठेत आहे. केईएममध्ये मधुमेहाचे पेशंट बघताना डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या लक्षात आलं की आपले पेशंट पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलंय त्यापेक्षा तरुण आहेत आणि बारीकही. ओपीडीतल्या निरीक्षणातून प्रश्न उभा राहिला आणि 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत आई आणि बाळांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. इथलं बाळ जन्मतः सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं 3.5 किलोचं. आपलं बाळ सगळ्याच बाबतींत लहान, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेलं. 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि एका इंग्लिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, शरीरातली चरबी मात्र एकाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. मधुमेहाची सुरुवात पोटात असतानाच होते का, हा प्रश्न त्या सहा गावांतल्या मुलांसोबत पुढे वाढत गेला. हे काम एका माणसाचं नाही. त्यामागे घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्या, आहारतज्ज्ञ, सांख्यिकीतज्ज्ञ आणि डॉक्टरला यासाठी वेळ देणारी संस्था आहे.

माझा पहिला अनुभव नेमका याच्या उलट. मुलाखतीत सांगितलं होतं, "गुरुवारची दुपार तुमच्या संशोधनासाठी." तोंडी. चार महिन्यांत त्या दुपारी उरलेली ओपीडी यायला लागली, मग एका सहकाऱ्याच्या रजेचे पेशंट, मग आरोग्य शिबिरं. वृद्धांच्या पडण्याविषयी मी ऐंशी केसपेपर बाजूला काढले होते. ते लोखंडी कपाटात राहिले आणि मी नोकरी सोडली तेव्हाही तिथेच होते. त्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने मला अर्धा-पाऊण तास दिला होता. त्या वेळेचं मी काही केलं नाही, हे मला आजही लागतं.

म्हणून "दोन्हीला वाव" या शब्दांवर जाऊ नका. आठवड्याचे किती तास, ते नेमणूकपत्रात लिहून घ्या. त्या तासांत ओपीडी कोण बघणार, तेही विचारा. कोऑर्डिनेटर आहे का, सांख्यिकीसाठी कुणी आहे का, हेही. आणि घरबसल्या करता येईल अशी एक गोष्ट: सीटीआरआय या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर जा. जून 2009 पासून देशातल्या औषधचाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे. रुग्णालयाचं नाव टाकून शोधा. किती चाचण्या, कुणी प्रायोजित केलेल्या, तिथल्या डॉक्टरांच्या स्वतःच्या प्रश्नावर किती. माहितीपुस्तिकेपेक्षा यातून जास्त कळतं.

भाचीसोबत आम्ही तेच केलं. तिसऱ्या रुग्णालयाच्या नावावर बऱ्याच चाचण्या निघाल्या, बहुतेक कंपन्यांच्या, पण दोन तिथल्याच डॉक्टरांनी स्वतः उभ्या केलेल्या. तिचा चेहरा उजळला. मी मात्र म्हटलं, राखीव वेळ लेखी मिळाला तर हे घे, नाहीतर पहिलं घे, चार वर्षं मन लावून पेशंट बघ आणि एक वही ठेव. दुसऱ्या पत्रावाल्यांना आत्ता नम्रपणे नाही म्हण, त्यांचा पत्ता जपून ठेव.

तिने त्याच रात्री मेल लिहिला. आठवड्याचा एक पूर्ण दिवस, लेखी, आणि त्या दिवशी ओपीडीला दुसरा डॉक्टर. पाठवण्याआधी मला दाखवला. मी त्यात एकच बदल केला, "शक्य असल्यास" हे दोन शब्द काढले. उत्तर अजून आलेलं नाही.