वायफायची रेंज वाढवायला गेलो आणि 40,199 रुपये घालवून बसलो

लाज वाटतेय, तरी लिहितोय. आतल्या खोलीत लॅपटॉपला वायफायची जेमतेम एक कांडी यायची. इंटरनेट कंपनीचा नंबर सर्च केला आणि सगळ्यात वर आला तोच फिरवला. वर येते ती बऱ्याचदा जाहिरात, पैसे भरून कुणीही देतं. नंबर बिलावरचाच घ्या.

पलीकडचा अगदी अदबीने बोलत होता. स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावलं, मग म्हणाला, "सर, कनेक्शन तुटतंय, लॅपटॉप घेऊन राउटरजवळ बसा." बसलो. सगळ्या कांड्या भरल्या. इथे, नेमकं इथे मला कळायला हवं होतं! राउटरशेजारी रेंज फुल्ल म्हणजे लॅपटॉप ठणठणीत, राउटरही ठणठणीत. घोळ मधल्या अडथळ्याचा. शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र त्यालाच म्हणालो, "अरे वा, सुधारलं की!"

मग इव्हेंट व्ह्युअर (विंडोजची स्वतःची घडामोडींची नोंदवही) उघडून लाल-पिवळ्या खुणांची रांग दाखवली. 'व्हायरस सिग्नल खातोय.' तसल्या खुणा चांगल्या चालणाऱ्या लॅपटॉपवरही ढिगाने असतात. 'सिग्नल बूस्टर'चे 1,499 रुपये यूपीआयने दिले. (सॉफ्टवेअरने भिंत पातळ होते का हो?) ते इन्स्टॉल होईना म्हणून रिफंड, रिफंडसाठी नेटबँकिंग, तेवढ्यात स्क्रीन काळी. 'रिफंड कोड' म्हणून त्याने मागितला तो ओटीपी होता. 38,700 गेले. मेसेजमध्ये डेबिट लिहिलं होतं, मान्य. पण चष्मा टेबलावर, लॅपटॉप मांडीवर, दहा मिनिटांत मीटिंग आणि कानात "लवकर सर, कोड एक्स्पायर होईल". अशात कोण वाचतं?

बँकेत साहेबांनी मानही वर न करता विचारलं, "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" संपलं. पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरला जा, सायबरवाले म्हणाले हद्दीतल्या ठाण्यात जा. तिथे पुन्हा तोच हवालदार, "स्क्रीनशॉटच्या तीन प्रती आणा." आणल्या. तोवर लंच टाइम. चोराला माझं खातं रिकामं करायला चार मिनिटं लागली, यांना अर्ज घ्यायला तीन दिवस! आणि रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात म्हटलं होतं, ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. म्हणून माझ्यासारखं डोकं धरून बसू नका. आधी नेट बंद करा, त्याच मिनिटाला 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, बँकेला कळवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या.

रेंजचं म्हणाल तर राउटर लोखंडी कपाटामागे होता. लॅपटॉपही वायफायच्या दोन बँडपैकी 5 गिगाहर्ट्झला चिकटलेला; ते वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतं. राउटर कपाटावर ठेवला, लॅपटॉप 2.4 वर टाकला, तीन कांड्या आल्या. खर्च शून्य. तक्रारीचं स्टेटस मात्र सात आठवडे तेच आहे, 'प्रक्रियेत'.