धोबी तलावचे कयानी : चहा, मावा केक आणि उरलेले इराणी

1904 साली सुरू झालेले धोबी तलावचे ‘कयानी अँड कंपनी’ हे मुंबईतील उरल्यासुरल्या जुन्या इराणी हॉटेलांपैकी एक आहे. इथला मावा केक मऊ, वेलदोड्याच्या वासाचा आणि बेताचा गोड असतो. ब्रून मस्का मात्र गरम चहात बुडवूनच खावा, कारण पावाचा कडकपणा आणि लोण्याचा खारटपणा तेव्हाच एकजीव होतो. चौकटीचे टेबलक्लॉथ आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या पाहून जुन्या गिरगावकराला समोरचे बंद झालेले ‘बास्तानी’ आठवल्याशिवाय राहत नाही.

आसपासच्या गिरगाव-काळबादेवीत मेट्रोसाठी काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि वाड्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. पुनर्विकासात अशा भाडेकरू हॉटेलाला नवी जागा मिळत असली, तरी बांधकामाच्या वर्षांत बंद राहणारी भट्टी, पांगणारे कामगार आणि सवय मोडलेले गिऱ्हाईक यांची भरपाई कोणत्याही करारात होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. कयानीत निवांत बसायचे असेल, तर सकाळी लवकर जावे, आणि खिमा पाव अवश्य मागवावा.