जुन्या आयात डेलिकासाठी डिझेल की पेट्रोल: सोळा महिन्यांच्या वापरानंतर

मित्सुबिशीची डेलिका स्पेस गिअर ही व्हॅन जपानमध्ये 1994 साली आली. जुन्या होऊन परदेशी गेलेल्या या गाड्यांमध्ये बहुधा दोनच इंजिनांपैकी एक निवडायचे असते: 2.8 लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो डिझेल, म्हणजे 4एम40, किंवा 3 लिटरचे सहा सिलिंडरचे (व्ही6) पेट्रोल, म्हणजे 6जी72. माझ्याकडे 1995 सालची डिझेल गाडी सोळा महिन्यांपासून असून तिने या काळात 19,400 किलोमीटर अंतर कापले आहे. माझ्या मेव्हण्याने त्याच सुमारास पेट्रोलची घेतली. मध्ये सात आठवडे आम्ही गाड्यांची अदलाबदल केली, त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते दोन्ही गाड्या स्वतः हाताळून लिहीत आहे.

मी डिझेल घेतली ती केवळ ॲव्हरेज पाहून, आणि तो हिशेब खरा ठरला हे आधीच मान्य करतो. प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरून मी नोंद ठेवली आहे. लांबच्या प्रवासात डिझेलने लिटरला सरासरी 10.1 किलोमीटर दिले आणि पेट्रोलने 7.2. रोजच्या थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत हेच आकडे 7.8 आणि 5.4 असे घसरले. याचा अर्थ माझ्या एकूण वापरात पेट्रोलच्या गाडीने सुमारे नऊशे लिटर इंधन जास्त प्यायले असते. मात्र या फरकाचे सगळे श्रेय इंजिनाला देता येत नाही. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा मुळातच बारा-तेरा टक्के अधिक ऊर्जा असते. उरलेला फायदा डिझेलच्या जास्त कॉम्प्रेशनमुळे, म्हणजे सिलिंडरात हवा अधिक दाबली जात असल्यामुळे, आणि हलक्या पायाने चालवताना हवा ओढून घेण्यासाठी इंजिनाला कमी झगडावे लागत असल्यामुळे मिळतो.

आता ज्या गोष्टीचा मी खरेदीपूर्वी विचारच केला नव्हता तिच्याकडे वळतो. 4एम40 हे इनडायरेक्ट इंजेक्शनचे इंजिन आहे, म्हणजे इंधन थेट सिलिंडरात न फवारता हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातल्या, एका छोट्या कप्प्यात फवारले जाते. त्यामुळे जळण्याचा आवाज थोडा सौम्य होतो, परंतु त्या कप्प्याच्या थंड भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात आणि ग्लो प्लगने, म्हणजे त्या कप्प्यातल्या विजेवर तापणाऱ्या कांडीने, हीट दिल्याशिवाय गार इंजिन सुरू होत नाही. माझ्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पाच-सहा किलोमीटरच्या असतात. तेवढ्या अंतरात हे जाड बिडाचे इंजिन नीट तापतच नाही, हीटरमधून कोमट हवा येऊ लागते तोवर घर आलेले असते. पेट्रोलची गाडी याच रस्त्यावर निम्म्या वेळात तापते आणि पहिल्या सेल्फला सुरू होते.

पहिल्या हिवाळ्यात माझी गाडी सकाळी सेल्फ मारमारूनही दाद देईना. सर्वांनी ग्लो प्लगकडे बोट दाखवले, म्हणून मी चारही बदलले, रिलेही बदलला, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रकार पुन्हा घडला. शेवटी एका जाणत्या मेकॅनिकने इंधनाच्या नळीत पारदर्शक तुकडा जोडून रात्रभर ठेवला तेव्हा सकाळी त्यात बुडबुडे दिसले. इंजेक्शन पंपाचे रबरी सील आकसले होते, तेथून हवा आत शिरत होती आणि रात्रभरात डिझेल मागे टाकीकडे उतरत होते. गंधक कमी करण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधील ॲरोमॅटिक घटकही घटतात, आणि जुन्या पद्धतीचे रबर त्याच घटकांमुळे फुगून घट्ट बसलेले असते. तीस वर्षांच्या पंपाला आजचे डिझेल मिळाले की हे कधी ना कधी होणारच, त्यात गाडी बनवणाऱ्याचा दोष नाही. सील बदलल्यापासून गाडी निमूट सुरू होते. बदललेले ग्लो प्लग उगीच बदलले असे मात्र मी म्हणणार नाही, कारण त्यांतील दोन खरोखरच मेलेले होते.

डिझेलचा खरा धोका याहून वेगळा आहे, आणि तो उष्णतेचा आहे. हे इंजिन एकदा जरी जास्त गरम झाले तरी ॲल्युमिनियमच्या हेडला तडा जाण्याची भीती असते. गरम होण्याचे कारण बहुतेक वेळा इंजिनात नसतेच. या गाडीच्या मागील हीटरकडे जाणाऱ्या कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, धातूच्या नळ्या तळाखालून जातात, आणि तेथे चिखल व मीठ साचून त्या आतल्या आत गंजतात. माझ्या गाडीची नळी सातव्या महिन्यात पाझरू लागली. सुदैवाने मी दर आठवड्याला कुलंटची पातळी पाहत होतो, म्हणून वेळेवर कळले. डॅशबोर्डवरील काट्याच्या भरवशावर राहिलो असतो तर हेड गेलेच असते, कारण सेन्सरभोवतीचे पाणीच निघून गेले की तो काटा खरे तापमान दाखवत नाही. त्यानंतर मी रबरी नळ्या टाकून घेतल्या आणि पातळी कमी झाल्यास वाजणारा अलार्म बसवला. पेट्रोलच्या गाडीतही याच नळ्या आहेत, आणि गरम होणे कोणत्याही इंजिनाला मानवत नाही, परंतु लांब चढावर भरलेली गाडी ओढताना मेव्हण्याच्या गाडीचा काटा मी कधी हललेला पाहिला नाही, माझ्या गाडीचा पाहिला आहे.

चढाचा विषय निघालाच आहे तर डिझेलची बाजूही मांडायला हवी. कागदावर पेट्रोल 185 अश्वशक्तीचे आणि माझ्या सालचे डिझेल 125 चे. परंतु डिझेलचा 292 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, इंजिनाच्या मिनिटाला 2000 फेऱ्यांनाच मिळतो, तर पेट्रोलचा 265 न्यूटन मीटर मिळण्यासाठी इंजिन 4500 पर्यंत ओरडवावे लागते. सात माणसे आणि सामान घेऊन खडबडीत कच्च्या रस्त्यावर सावकाश चढताना डिझेल ज्या शांतपणे गाडी उचलते त्याला तोड नाही, आणि उंचीवर तर हवा दाबून भरणाऱ्या टर्बोमुळे हा फरक अधिकच जाणवतो, कारण दर हजार मीटरला हवा सुमारे दहा टक्के विरळ होते आणि टर्बो नसलेल्या व्ही6 ची ताकद त्याच प्रमाणात कमी होते. मोठ्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना मात्र उलटे घडते. तेथे पेट्रोल झेपावते आणि डिझेल विचार करत बसते. शिवाय इंजिन पुढच्या सीटांखाली असल्यामुळे डिझेलचा खडखडाट सतत सोबत असतो. माझ्या पत्नीने अदलाबदलीच्या सात आठवड्यांत पहिल्यांदाच गाडीत झोप काढली, ही नोंद माझ्या वहीत नाही, पण तिने ती लक्षात ठेवली आहे.

पेट्रोल म्हणजे बिनघोर, असेही समजू नये. त्याचा टायमिंग बेल्ट ठरलेल्या अंतराला बदलावाच लागतो आणि त्याच वेळी पाण्याचा पंपही बदलून घेणे शहाणपणाचे असते. डिझेलला बेल्टऐवजी चेन असते, ती जास्त टिकते, मात्र वय झाल्यावर वाजू लागली तर दुर्लक्ष करू नये. मेव्हण्याची गाडी सकाळी सुरू करताना निळसर धूर सोडते, म्हणजे व्हॉल्व्हचे सील कडक झाले आहेत. सेन्सर, डिस्ट्रिब्युटर आणि वयाने गळू लागणारे कॅपॅसिटर असलेले कंट्रोल युनिट ही पेट्रोलची वेगळी डोकेदुखी. उलट ऑईलच्या बाबतीत पेट्रोल सोपे: माझ्या डिझेलचे ऑईल मी दर 5000 किलोमीटरला बदलतो आणि ते दरवेळी डांबरासारखे काळे निघते.

आज पुन्हा निवड करायची वेळ आली तर मी पेट्रोल घेईन. नऊशे लिटरची बचत खरी आहे, परंतु ती लांबच्या प्रवासांत कमावलेली आहे आणि माझे रोजचे जगणे छोट्या फेऱ्यांत जाते. मेव्हण्याचे नेमके उलटे आहे. तो महिन्यातून दोनदा डोंगराळ भागात जातो आणि दरवेळी टाकी भरताना माझ्या गाडीकडे पाहतो. काही शहरांत जुन्या डिझेल गाड्यांना प्रवेशबंदी आहे, जपानमध्येही महानगरांतील धुराच्या कडक नियमांमुळे अशा गाड्यांना तेथे राहणे अवघड झाले, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. तरीही मी माझी गाडी विकत नाही, कारण पंप, नळ्या आणि ग्लो प्लग आता नवे आहेत, आणि दुसऱ्याच्या गाडीत काय दडले आहे ते मला ठाऊक नाही.

पाहायला जाणाऱ्यांनी चासी क्रमांकाच्या सुरुवातीचा कोड वाचावा: पीडी6डब्ल्यू मधील 6 म्हणजे व्ही6, पीई8डब्ल्यू मधील 8 म्हणजे 2.8 डिझेल. डिझेल असेल तर इंजिन पूर्ण गार असताना कुलंटच्या बाटलीचे झाकण उघडून मगच सेल्फ मारायला सांगावे आणि बुडबुडे येतात का ते पाहावे, आले तर हेडला तडा गेल्याची शंका घ्यावी. आपण पोहोचण्यापूर्वीच विकणाऱ्याने गाडी सुरू करून गरम करून ठेवली असेल, तर चहा न घेता परतावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता जावे.