खुनाच्या खटल्याचं निकालपत्र मोबाइलवर: ई-कोर्ट्स आणि नक्कल विभागाचा आढावा

खुनाच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटले की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर ‘कोर्ट मॅनेज झालं’ फिरायला लागतं. संताप खरा असतो, पण निकालपत्र कोणी उघडलेलं नसतं. ते न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या सरकारी ॲपवर आणि संकेतस्थळावर फुकट वाचता येतं.

खटला नाशिक जिल्ह्यातला असेल तर महाराष्ट्र, मग नाशिक, मग न्यायालय संकुल निवडायचं. पहिली चूक इथेच होते. मालेगाव आणि निफाडला वेगळी सत्र न्यायालयं आहेत; तिथला खटला नाशिक शहरातल्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या यादीत शोधत बसू नका. नावाने शोधण्याच्या फंदातही पडू नये. नावं इंग्रजीत भरलेली असतात. ‘वाघ’ डब्ल्यूने लिहिलाय की व्हीने, यावर सगळं अडतं. पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष टाका आणि ‘निकाली’ हा पर्याय निवडा. खटला सापडला की त्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) उतरवून घ्या, पुढे तेवढा पुरतो.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे निकाल त्याच दिवशी चढेल याची खात्री नाही, आणि लोक भडकलेले असतात नेमके तेच दिवस.

निकालपत्र हाती आलं की शेवटचा आदेश नंतर वाचा. आधी मुद्दे आणि निष्कर्षांचा दोन रकान्यांचा तक्ता शोधा. मयताचा मृत्यू घातपाताने झाला का? होय. तो आरोपींनी केला हे सिद्ध होतं का? नाही. खून झाला हे न्यायालय नाकारत नाही, पण लोकांना ऐकू येतं ते एवढंच की ‘कोणीच मारलं नाही’. या ‘नाही’मागची कारणं पुढच्या पानांवर असतात: साक्षीदार फितूर, जप्तीचे पंच उलटले, हत्याराचं सील शंकास्पद, रक्तगटाचा अहवाल अनिर्णित. नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावच्या नितीन आगे खून प्रकरणात नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले, तेव्हा महाराष्ट्रभर उसळलेल्या संतापाच्या मुळाशी साक्षीदारांची फितुरीच होती. नाशिकच्या सत्र न्यायालयात चाललेल्या सोनई हत्याकांडाच्या (तीन दलित तरुणांच्या खुनाच्या) खटल्यात जानेवारी २०१८ मध्ये सहा जण दोषी ठरले आणि एक सुटला. प्रत्येक आरोपीविरुद्धचा पुरावा वेगळा तोलला जातो, तो असा.

मयताच्या घरच्यांना मात्र मोबाइलवरची प्रत पुरत नाही. अपिलासाठी प्रमाणित नक्कल, म्हणजे न्यायालयाने शिक्का मारून दिलेली प्रत लागते आणि तिचा अर्ज न्यायालयाच्या नक्कल विभागात निकालाच्याच दिवशी टाकावा. अर्जात खटला क्रमांक, निकालाची तारीख, पक्षकारांची नावं आणि मयताशी नातं लिहा, वर कोर्ट फी स्टॅम्प लावा. तिऱ्हाइताला नक्कल कशासाठी हवी ते सांगावं लागतं. नक्कल हातात पडताच तिच्यावरच्या तारखा तपासा. अर्जापासून ती तयार होईपर्यंतचे दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात. तयार नक्कल उचलायला तुम्ही लावलेले दिवस वगळत नाहीत. इथेच अनेकांची मुदत घसरते.

राज्य सरकारला उच्च न्यायालयात अपिलासाठी ९० दिवस मिळतात आणि आधी परवानगी लागते. मयताच्या वारसांना स्वतःचा हक्क आहे: पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७२, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४१३. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार त्यांना परवानगीची गरज नाही. म्हणून सरकार काय करतं याची वाट बघत थांबू नये. शिवाय वरच्या न्यायालयात हजर राहण्यासाठी आरोपींकडून घेतलेला जामीनकतबा (जामिनाची लेखी हमी) सहा महिनेच टिकतो. दिल्लीतल्या जेसिका लाल खून खटल्यात फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ आरोपी सुटले आणि त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरवलं. लोक रस्त्यावर आले होतेच, पण अपीलही वेळेत पोहोचलं होतं.

ई-कोर्ट्सला पाचपैकी साडेतीन. वाचण्यासाठी उत्तम, कागद म्हणून कच्चं. मराठी निकालपत्र स्कॅन केलेलं असेल तर त्यात शब्द शोधता येत नाही, पानं हातानेच चाळावी लागतात.