आंतरराष्ट्रीय संबंधांच्या मराठी नोट्स : पहिला भाग घ्या, दुसरा पेन्सिल घेऊन वाचा

पणजी-म्हापशाच्या झेरॉक्स दुकानांत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध या वैकल्पिक विषयाच्या मराठी नोट्सचा स्पायरल संच मिळतो. दोन भाग आहेत, लेखकाचं नाव कुठेच नाही. पहिल्यात सिद्धान्त, दुसऱ्यात ‘राष्ट्रीय सामर्थ्य’. यूपीएससीचा पेपर मराठीतून लिहिणाऱ्यांना पर्याय फारसे नाहीत, म्हणून संच खपतो. पहिला भाग खपण्यालायक आहेच.

राज्यं सत्तेसाठी झगडतात असं मानणाऱ्या वास्तववादी मॉर्गेन्थाऊची सहा तत्त्वं त्याच्या ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’च्या १९४८च्या मूळ आवृत्तीत नव्हती, ती १९५४च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. गाइडांमध्ये हमखास चुकणारी ही गोष्ट इथे बरोबर दिली आहे. वॉल्ट्झनं (१९७९) सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय रचनेचे तीन घटक नुसते घोकायला दिलेले नाहीत. वर कुणी सत्ताधीश नाही ही स्थिती कायम, सगळ्या राज्यांची कामंही सारखीच; मग बदलतं काय, तर सामर्थ्याची वाटणी. म्हणून तो ध्रुव, म्हणजे महासत्ता किती ते मोजत बसतो, हे दोन परिच्छेदांत पटतं. वॉल्टच्या (१९८७) ‘धोक्याच्या समतोला’चा भागही नीट उतरला आहे. राज्यं निव्वळ ताकदीविरुद्ध एकत्र येत नाहीत, धोक्याविरुद्ध येतात; आणि धोका ठरतो एकूण ताकद, जवळीक, आक्रमणक्षमता व हेतू यांवर. अमेरिका शेजारी असूनही कॅनडा तिच्याविरुद्ध आघाडी का उभारत नाही, याचं उत्तर यात मिळतं.

खोट आहे ती परिभाषेत. एका प्रकरणात ‘रचनावाद’ आणि पुढच्यात ‘संरचनावाद’, दोन्ही वेन्टसाठीच, म्हणजे राज्यांचे हितसंबंध परस्परांविषयीच्या कल्पनांतून घडतात या त्याच्या सिद्धान्तासाठी! वॉल्ट्झचा ‘संरचनात्मक वास्तववाद’ शेजारीच असल्यामुळे वाचणारा दोघांची गल्लत करणार. वेन्टसाठी सगळीकडे ‘रचनावाद’ करून घ्या. ‘अराजकता’ या शब्दाचंही तसंच. मराठीत तो ऐकला की दंगल, लुटालूट डोळ्यांपुढे येते. इथे अर्थ एवढाच की राज्यांच्या वर सरकार नाही. उत्तरात पहिल्यांदा वापरताना ‘केंद्रीय सत्तेचा अभाव’ असं लिहून मग पुढे जावं.

दुसऱ्या भागात मात्र घोळ आहे. राष्ट्राचं सामर्थ्य मोजणारं, अमेरिकी अभ्यासक क्लाइनचं सूत्रच चुकीचं छापलंय. लोकसंख्या व भूप्रदेश, अर्थबळ, लष्करी बळ यांची बेरीज करायची आणि तिला धोरण व इच्छाशक्ती यांच्या बेरजेनं गुणायचं. नोट्समध्ये गुणाकाराच्या जागी अधिकचं चिन्ह आहे. फरक किती पडतो तो पाहा. पहिली बेरीज १०० धरा, धोरण ०.५, इच्छाशक्ती ०.५. उत्तर १००. इच्छाशक्ती ०.१ वर घसरली की उत्तर ६०. अधिकचं चिन्ह ठेवलं तर १०१ वरून १००.६, म्हणजे लढायची इच्छा संपली तरी राष्ट्र जवळपास तेवढंच बलवान! सूत्राचा सगळा मुद्दाच त्या गुणाकारात आहे. गोव्याचंच उदाहरण घ्या. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारनं शेवटपर्यंत लढण्याचा हुकूम सोडला होता आणि गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्वानं १९ तारखेला शरणागती पत्करली. इच्छाशक्ती लिस्बनची मोजायची की गोव्यातल्या सेनापतीची, हा प्रश्न इथे विचारायला हवा होता.

१९६१च्या गोवा मुक्तीवरचं पानही धड नाही. पोर्तुगाल नाटोचा सदस्य, तरी नाटो मदतीला आली नाही; त्याचं कारण नोट्स चुकीचं देतात. ‘अमेरिकेशी मैत्री असल्यामुळे नाटो गप्प राहिली’ हे वाक्य खोडून टाका. नाटो कराराच्या सहाव्या कलमात संरक्षणाची हद्द आखलेली आहे. युरोप-उत्तर अमेरिकेपलीकडची बेटं त्यात येतात ती कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची, उत्तर अटलांटिक परिसरातली. गोवा सुमारे १५ अंश उत्तरेवर आणि तोही हिंदी महासागराच्या काठी. उलट अमेरिका सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धच्या ठरावाच्या बाजूनं होती. तो पडला सोव्हिएत नकाराधिकारामुळे.

खरी उणीव यापेक्षा मोठी आहे. अख्खा दुसरा भाग सामर्थ्य म्हणजे कोठारातला माल समजून मोजदाद करतो : पोलाद किती, सैन्य किती, माणसं किती. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डाह्लनं १९५७ मध्येच सांगून ठेवलं होतं की सत्ता हा दोघांमधला संबंध आहे. ‘ब’ एरवी जे करणार नाही ते ‘अ’ त्याच्याकडून करवून घेतो. यासाठी गोव्यातल्या वाचकाला लांब जावं लागत नाही. कार्ताझ घ्या. पोर्तुगीजांचा हा परवाना जवळ नसेल तर जहाज जप्त होण्याची धास्ती. माणसं, महसूल, सैन्य यांत मुघल कितीतरी भारी, तरी लाल समुद्राकडे जाणाऱ्या त्यांच्या जहाजांना तो कागद घ्यावाच लागे. मोजदादीच्या तक्त्यात हे कुठे बसवणार?

परस्परावलंबनाचे अभ्यासक केओहेन-नाय यांचा (१९७७) संवेदनशीलता (बाहेरचा धक्का लगेच किती बसतो) आणि असुरक्षितता (पर्याय शोधूनही किती नुकसान उरतं) हा भेद तर दोन ओळींतच उरकलाय. १९५०च्या दशकात भारतानं केलेली गोव्याची आर्थिक नाकेबंदी त्याला चपखल बसते. सुरुवातीला टंचाईचा चटका बसला, ही संवेदनशीलता. पण बटाटे हॉलंडहून येऊ लागले, मुरगावहून लोहखनिज जपानला जात राहिलं. पर्याय सापडला म्हणून असुरक्षितता कमी, आणि म्हणूनच नाकेबंदीनं लिस्बन नमलं नाही. १० गुणांच्या प्रश्नाच्या दीडशे शब्दांत हे आरामात मावतं.

दुकानदार भाग सुटे देत असेल तर पहिलाच मागा. पूर्ण संच घ्यावा लागला तर दुकानातच तक्त्यांची पानं उघडून पाहा : आडवे तक्ते उभ्या पानावर बसवल्यानं उजवीकडचा रकाना बायंडिंगच्या भोकांत गेलाय, आणि नेमके वर्षांचे आकडे त्याच रकान्यात आहेत.